गळती थांबली, गर्दीचे काय?

पहिलीत दाखल झालेल्या मुलांपैकी किती मुले दहावीपर्यंत टिकली आणि किती मधेच शाळा सोडून गेली, हा हिशेब शिक्षकांना नवा नाही. त्याला आपण गळती म्हणतो. इंटरनेटच्या अभ्यासकांचाही असाच एक हिशेब आहे. पाठवलेल्या दर शंभर पॅकेटांपैकी किती पॅकेटे मुक्कामी पोचलीच नाहीत? हा आकडा गेली तीस वर्षे मोजला जात आहे. बहुतेक आलेखांतली रेषा वर्षागणिक खाली उतरलेली दिसते. तिच्याकडे बोट दाखवून, इंटरनेटवरची गर्दी आता हटली, असा निष्कर्ष काढला जातो.

हा निष्कर्ष तपासून पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे: आकडे खरे आहेत आणि ते गोळा करणाऱ्यांची चिकाटी मोलाची आहे. पण गळती हे गर्दीचे एकमेव माप म्हणून कधीच पुरेसे नव्हते. मधल्या काळात तर तंत्रज्ञान असे बदलले, की गळती कमी होऊनही गर्दी तशीच राहू शकते. आकडा तोच राहतो, त्याचा अर्थ मात्र बदलतो. असे कसे होते, ते पाहू या.

पॅकेट हरवते म्हणजे काय होते?

इंटरनेटवरून जाणारा मजकूर, चित्र किंवा आवाज यांचे लहान लहान तुकडे केलेले असतात. हीच पॅकेटे. एका पॅकेटात साधारणपणे दीड हजार बाइटपर्यंत माहिती मावते. ठिकठिकाणचे राउटर त्यावरचा पत्ता वाचून ते पुढच्या टप्प्याकडे ढकलतात.

समजा, एका राउटरवर तीन दिशांनी पॅकेटे येत आहेत आणि ती सर्व एकाच वाटेने पुढे जायची आहेत. येण्याचा वेग जाण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला, की पॅकेटांना थांबावे लागते. ती राउटरच्या स्मृतीत रांग लावतात. ही रांग म्हणजे मर्यादित जागा. ती भरल्यावर आलेले पॅकेट राउटर सरळ टाकून देतो, आणि पाठवणाऱ्याला तसे कळवतही नाही. म्हणजे तारांच्या जाळ्यात पॅकेट हरवते ते बहुधा रस्ता चुकल्यामुळे नव्हे, तर जागा नसल्यामुळे. बिनतारी जोडणीत लहरींच्या गोंधळामुळेही पॅकेट खराब होते, ही गोष्ट वेगळी.

मग हरवलेल्या पॅकेटचे काय? ती जबाबदारी दोन टोकांच्या संगणकांची. टीसीपी या नियमसंचानुसार घेणारा संगणक मिळालेल्या पॅकेटांची पोच देतो. पोच आली नाही, की पाठवणारा ते पॅकेट पुन्हा पाठवतो. मधल्या जाळ्याने फक्त जमेल तितके वाहून न्यायचे, हिशेब टोकांनी ठेवायचा, अशी ही वाटणी आहे.

१९८६ सालचा धडा

या वाटणीत एक धोका होता. गर्दीमुळे पॅकेट हरवले, म्हणून ते पुन्हा पाठवले. त्यामुळे गर्दी वाढली, आणखी पॅकेटे हरवली, तीही पुन्हा पाठवली गेली. शेवटी जाळे पूर्ण वेगाने चालू आहे, पण त्यातून उपयोगी असे जवळजवळ काहीच पोचत नाही, अशी अवस्था येते. जॉन नेगल यांनी जानेवारी १९८४ मध्येच या धोक्याचा लेखी इशारा दिला होता.

ऑक्टोबर १९८६ मध्ये तो खरा ठरला. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यात अंतर सुमारे ४०० यार्डांचे. त्यांच्यातील माहितीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. बोलीत सांगायचे तर एक पानभर मजकूर जायला पाच-सहा मिनिटे. माणसाने चालत जाऊन कागद दिला असता, तरी जवळपास तेवढाच वेळ लागला असता.

व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरेल्स यांनी यावर शोधलेला उपाय १९८८ साली प्रसिद्ध झाला. त्याचा गाभा साधा आहे. पॅकेट हरवणे ही केवळ हानी नाही, तो निरोप आहे. पुढे गर्दी आहे, हात आखडा, असे जाळे त्यातून सांगत असते. म्हणून गळती दिसताच पाठवणाऱ्याने एका वेळी वाटेत सोडायच्या पॅकेटांची संख्या निम्म्यावर आणावी. सर्व सुरळीत असेल तर दर फेरीला एकेक पॅकेट वाढवत न्यावे. वाढ हळूहळू आणि कपात एकदम, या शिस्तीमुळे कोणी वाहतूक पोलिस नसतानाही लाखो संगणक आपापला वेग आवरू लागले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, कारण पुढचा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. या व्यवस्थेत गळती शून्य असणे हे आदर्शाचे लक्षण नाही. पाठवणारा वेग वाढवत वाढवत जातो तो पॅकेट हरवेपर्यंतच. थोडी गळती हा त्या यंत्रणेच्या चालण्याचाच भाग आहे.

एक भविष्यवाणी आणि एक मोजणी

१९९५ साली इंटरनेट सामान्य माणसासाठी खुले होत होते. भारतात विदेश संचार निगमने त्याच वर्षी १५ ऑगस्टला ही सेवा सुरू केली. डिसेंबर १९९५ मध्ये रॉबर्ट मेटकाफ यांनी 'इन्फोवर्ल्ड' या अमेरिकी साप्ताहिकातील आपल्या स्तंभात भाकीत केले, की १९९६ साली इंटरनेट कोसळून पडेल. मेटकाफ हे इथरनेटच्या जनकांपैकी एक, त्यामुळे त्यांचे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. १९९६ साल आले आणि गेले. बंद पडण्याच्या घटना घडल्या, पण इंटरनेट कोसळले नाही. एप्रिल १९९७ मध्ये एका परिषदेत मेटकाफ यांनी आपल्या स्तंभाचा कागद मिक्सरमध्ये द्रवाबरोबर घुसळून सर्वांसमक्ष खाल्ला.

हा किस्सा सांगून लोक हसतात आणि थांबतात. आम्हाला त्यापेक्षा त्याच काळातली एक मोजणी अधिक बोलकी वाटते. व्हर्न पॅक्सन यांनी ३५ ठिकाणच्या संगणकांमध्ये सुमारे २० हजार फाइली पाठवून पॅकेटांचा माग काढला. डिसेंबर १९९४ च्या फेरीत गळती २.७ टक्के भरली. एका वर्षाने, १९९५ च्या अखेरीस, ती ५.२ टक्के झाली. म्हणजे वर्षात जवळजवळ दुप्पट.

फळ्यावर हा आलेख पुढे वाढवून पाहा. १९९६ मध्ये १० टक्के, १९९७ मध्ये २१, १९९८ मध्ये ४२ आणि १९९९ मध्ये ८३. दोन बिंदूंतून काढलेली रेषा कितीही लांबवता येते, आणि बहुतेक वेळा ती खोटे बोलते. येथे ती खोटी ठरली, कारण गळती वाढली की टीसीपी वेग आवरतो, आणि तोवर नव्या तारा पडतात. नदीचे पाणी तासाला दोन इंच चढते आहे, म्हणून महिन्याने ते देवळाच्या कळसाला लागेल, असे आपण म्हणत नाही. कारण पाणी वाढवणारी कारणे जशी असतात, तशी ते उतरवणारीही असतात.

पॅक्सन यांचे मोठेपण असे, की ते सरासरीवर थांबले नाहीत. त्यांनी दाखवले, की सुमारे निम्म्या पाठवण्यांत एकही पॅकेट हरवले नव्हते. सगळी गळती उरलेल्या निम्म्यांच्या वाट्याला आली होती, म्हणजे त्यांच्यापुरती ती सरासरीच्या जवळपास दुप्पट होती. वर्गाची सरासरी ५० गुण आली, यावरून सगळ्या मुलांना पन्नासच्या आसपास गुण मिळाले असे समजणारा शिक्षक आपल्याला भेटणार नाही. गळतीच्या सरासरीबाबत मात्र तीच समजूत सर्रास दिसते.

पिंगरचा दीर्घ आलेख

दीर्घकाळाचे चित्र हवे असेल, तर पिंगर प्रकल्पाकडे वळावे लागते. कॅलिफोर्नियातील स्लॅक या भौतिकी प्रयोगशाळेत लेस कॉट्रेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९५ च्या सुमारास सुरू केला. कणभौतिकीचे शास्त्रज्ञ वेगवेगळ्या देशांत बसून एकाच प्रयोगावर काम करत. त्यांच्यामधले जाळे कसे चालते, हे समजायला हवे होते. पुढे हा प्रकल्प दोन दशकांहून अधिक काळ चालला आणि दीडशेहून अधिक देशांपर्यंत पोचला.

पद्धत अगदी साधी. 'पिंग' ही आज्ञा दूरच्या संगणकाला हाक मारते आणि तो ओ देतो. ओ आली नाही तर गळती. ओ यायला लागलेला काळ म्हणजे फेरीचा वेळ. दर अर्ध्या तासाला दहा लहान आणि दहा मोठ्या पॅकेटांची हाक द्यायची आणि नोंद ठेवायची. १ टक्क्यापर्यंत गळती चांगली, १ ते २.५ चालण्याजोगी, २.५ ते ५ वाईट, ५ ते १२ फार वाईट आणि १२ च्या पुढे निकामी, अशा पायऱ्याही त्यांनी ठरवल्या होत्या.

गळतीवरून प्रत्यक्ष वेग काढण्यासाठी त्यांनी १९९७ साली मॅथिस आणि सहकाऱ्यांनी दिलेले सूत्र वापरले. स्थिरांक सोडून दिला तर ते असे:

वेग = (पॅकेटचा आकार ÷ फेरीचा वेळ) × (१ ÷ √गळती)

आकडे घालून पाहू. पॅकेट १,४६० बाइटचे, म्हणजे ११,६८० बिटांचे. फेरीचा वेळ ०.२ सेकंद आणि गळती १ टक्का. वेग येतो सेकंदाला सुमारे ५.८ लाख बिट. गळती ४ टक्के झाली, तर वेग निम्मा. गळती १ टक्काच ठेवून फेरीचा वेळ ०.०२ सेकंद केला, तर वेग दहापट! सारखीच गळती असली तरी माहितीच्या साठ्यापासून दूर असणाऱ्याला तिचा फटका जास्त बसतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. भूस्थिर उपग्रहामार्गे हाक आणि ओ, दोन्ही मिळून सुमारे १ लाख ४३ हजार किलोमीटरांची पायपीट होते आणि निर्वातातल्या प्रकाशालाही त्यासाठी जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. जुलै २००९ मध्ये सीकॉम ही समुद्री तार पूर्व आफ्रिकेत पोचली आणि तिथल्या देशांच्या फेरीचा वेळ पिंगरच्या आलेखांत ठळकपणे खाली आला. आफ्रिका आणि दक्षिण आशिया हे भाग युरोप-अमेरिकेच्या कित्येक वर्षे मागे आहेत, हे या प्रकल्पाने वर्षानुवर्षे आकड्यांनी मांडले. ही त्याची फार मोठी कामगिरी आहे.

तरीही या आलेखांतून "गर्दी हटली" हे सिद्ध होत नाही. आमच्या शंका तीन आहेत.

पहिली शंका चाळणीच्या भोकांची. अर्ध्या तासाला दहा म्हणजे महिन्याला १४,४०० हाका. यात एक हरवली तर गळती ०.००७ टक्के. याहून बारीक गळती या चाळणीला दिसणार नाही. आता वरचे सूत्र उलटे वापरा. फेरीचा वेळ ०.१ सेकंद असताना सेकंदाला शंभर कोटी बिट वेग हवा असेल, तर जुन्या पद्धतीच्या टीसीपीला सात कोटी पॅकेटांमागे एकाहून जास्त पॅकेट हरवून चालत नाही. एवढी हाकाहाक करायला या गतीने चारशेहून अधिक वर्षे लागतील. अर्थात आलेख शून्याला टेकला म्हणजे गळती शून्य झाली असे नव्हे. पट्टीवरच्या खुणा संपल्या, इतकेच.

दुसरी शंका सरासरीची. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन समुद्री तारा तुटल्या आणि मध्यपूर्वेपासून भारतापर्यंतच्या जोडण्यांना मोठा फटका बसला. आता एक कल्पित हिशेब करा. महिन्यातल्या तीन दिवशी गळती २० टक्के आणि उरलेल्या सत्तावीस दिवशी ०.१ टक्का. महिन्याची सरासरी येईल सुमारे २.१ टक्के, म्हणजे पिंगरच्या पायऱ्यांनुसार चालण्याजोगी! ज्या तीन दिवसांत काहीच चालले नाही, ते सरासरीत विरघळून गेले. रोज संध्याकाळी होणाऱ्या गर्दीचेही असेच होते. रात्री दोनची शांतता तिच्यात मिसळली जाते.

तिसरी शंका कोणाला हाक मारली याची. पिंगरची ठिकाणे मुख्यतः विद्यापीठे आणि संशोधन संस्था होती. त्यांच्या उद्देशासाठी ते योग्यच होते. पण विद्यापीठाच्या दारापर्यंतचा रस्ता मोकळा आहे, यावरून विद्यार्थ्याच्या घरापर्यंतचा रस्ता मोकळा आहे असे म्हणता येत नाही. शिवाय काही राउटर पिंगच्या पॅकेटांना दुय्यम वागणूक देतात किंवा अडवतात. तेव्हा पिंगची गळती आणि खऱ्या वाहतुकीची गळती एकच असेल, याची हमी नाही.

या तिन्ही शंका मोजणीबद्दल आहेत. चौथी अधिक मूलभूत आहे, आणि ती समजण्यासाठी वर्गात एक खेळ घेणे उत्तम.

चिठ्ठ्यांचा खेळ

तीन मुले चिठ्ठ्या पाठवणारी, एक मूल राउटर आणि एक घेणारे. राउटरसमोर एक ताट. दर टाळीला प्रत्येक पाठवणारा दोन, म्हणजे एकूण सहा चिठ्ठ्या देतो. राउटर दर टाळीला जुन्यात जुन्या चारच पुढे देऊ शकतो. उरलेल्या ताटात थांबतात.

पहिला डाव: ताटात पाचच चिठ्ठ्या थांबू शकतात. जास्त झालेल्या टाकून द्यायच्या. दहा टाळ्यांनंतर हिशेब करा. ६० आल्या, ४० पोचल्या, ५ ताटात आहेत, १५ फेकल्या. गळती २५ टक्के.

दुसरा डाव: ताट मोठे, चाळीस चिठ्ठ्यांचे. दहा टाळ्यांनंतर ६० आल्या, ४० पोचल्या, २० ताटात आहेत, फेकली एकही नाही. गळती शून्य!

आता मुलांना विचारा: दुसऱ्या डावात गर्दी कमी झाली का? पोचलेल्या चिठ्ठ्या दोन्ही डावांत चाळीसच आहेत. फरक इतकाच, की पहिल्या डावात ताटात शिरलेली चिठ्ठी टाळी-दोन टाळ्यांत सुटते. दुसऱ्यात शेवटच्या चिठ्ठीला आणखी पाच टाळ्या थांबावे लागेल, आणि डाव चालू राहिला तर त्याहूनही जास्त.

तिसऱ्या डावात टीसीपीचा नियम आणा. ज्याची चिठ्ठी फेकली गेली, त्याने पुढच्या टाळीपासून निम्म्याच द्यायच्या. लहान ताटात दोन-तीन चिठ्ठ्या फेकल्या जाताच आवक चारवर येते आणि सगळे सुरळीत होते. मोठ्या ताटात बराच वेळ काहीच फेकले जात नाही. म्हणून कोणालाच निरोप मिळत नाही, म्हणून कोणीच हात आखडत नाही. रांग वाढतच जाते.

पटावर नाव, वर्गात मूल नाही

हे केवळ खेळातले नाही. राउटर आणि घरगुती मोडेम यांच्यातली स्मृती स्वस्त होत गेली, तशी उत्पादकांनी रांगेची जागा वाढवत नेली. पॅकेट टाकणे वाईट, म्हणून जागा जास्त बरी, असा त्यामागचा विचार. २०१० साली जिम गेटिस यांना घरच्या जोडणीवरून मोठ्या फाइली पाठवताना दिसले, की फेरीचा वेळ एका सेकंदाच्याही वर जातो. त्यांनी या विकाराला 'बफरब्लोट' असे नाव दिले. आपण त्याला 'फुगलेली रांग' म्हणू. २०११ साली त्यांनी आणि कॅथलीन निकल्स यांनी त्याची सविस्तर मांडणी केली.

गणित साधे आहे. मोडेममध्ये २५६ किलोबाइटची रांग आणि बाहेर जाण्याचा वेग सेकंदाला १० लाख बिट. रांग भरली, की ती रिकामी व्हायला दोन सेकंद लागतात. मागे कोणी मोठी चित्रफीत पाठवत असेल, तर आपल्या आवाजाचे प्रत्येक पॅकेट दोन सेकंद उशिराने निघते. एकही पॅकेट हरवलेले नाही. आलेखात गळती शून्य. पण शिक्षकाचा प्रश्न मुलापर्यंत दोन सेकंदांनी पोचतो, मुलाचे उत्तर येईपर्यंत शिक्षकाने दुसऱ्या मुलाचे नाव घेतलेले असते.

पटावर नाव आहे, म्हणून गळतीत धरले नाही. पण मूल वर्गातही नाही, असा विद्यार्थी प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतो. फुगलेल्या रांगेतले पॅकेट हे असे मूल आहे. गळतीचा तक्ता त्याला मोजत नाही, कारण ते गेलेले नाही. आणि उपस्थितीचा उपयोगही नाही, कारण ते आलेलेही नाही.

यावरचा उपाय आणखी विचार करायला लावणारा आहे. निकल्स आणि जेकबसन यांनी २०१२ साली 'कोडेल' ही पद्धत मांडली. रांग किती लांब आहे हे न पाहता पॅकेट रांगेत किती वेळ थांबले, ते पाहायचे. १०० मिलिसेकंदांच्या अवधीत एकाही पॅकेटची ५ मिलिसेकंदांच्या आत सुटका झाली नाही, तर जागा शिल्लक असूनही पॅकेटे टाकायला लागायचे. म्हणजे जाळे सुधारण्यासाठी गळती मुद्दाम आणि वेळेवर करायची! अशा राउटरची गळती फुगलेल्या राउटरपेक्षा जास्त भरू शकते, आणि तरीही त्याच्यामागे बसलेल्या माणसाला जाळे चांगले वाटते. पॅकेट न टाकता त्यावर गर्दीची खूण करण्याची सोय २००१ साली प्रमाणित झाली. तिच्यात तर गर्दीचा निरोप पोचतो आणि गळतीचा आकडा हलतही नाही.

गळतीच्या उतरत्या रेषेवर विसंबू नये असे आम्ही म्हणतो, ते या कारणाने. १९८८ साली गळती आणि गर्दी यांचे नाते बऱ्यापैकी सरळ होते. स्मृती स्वस्त झाल्यावर ते सैल झाले.

मग सुधारणा झालीच नाही का?

तसे म्हणणे दुसरी चूक ठरेल. मेटकाफ यांच्या भाकिताचा उलटा आरसा आपल्याला नको आहे. काचतंतूंची क्षमता प्रचंड वाढली, उपग्रहाच्या जागी समुद्री तारा आल्या, हे खरेच आहे. गळतीवर विसंबून न राहणाऱ्या मोजण्याही झाल्या आहेत. २०१३-१४ मध्ये अमेरिकेत नेटफ्लिक्सची चित्रफीत संध्याकाळी अडखळू लागली. सेवा देणाऱ्या कंपन्यांची जाळी जेथे एकमेकांना जोडली जातात, तेथे कोंडी होत होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये नेटफ्लिक्सने कॉमकास्टशी थेट जोडणीचा करार केला. सॅन डिएगो येथील केडा या गटाच्या संशोधकांनी अशा जोडांच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या टोकांना सतत हाका मारल्या. पलीकडच्या टोकाचा फेरीचा वेळ रोज संध्याकाळी चढतो आणि अलीकडचा चढत नाही, तर कोंडी त्या जोडावरच आहे, असा त्यांचा तर्क. २०१८ साली त्यांनी निष्कर्ष दिला, की अमेरिकेत सर्वदूर कायमची कोंडी दिसत नाही, पण काही ठरावीक जोडांवर ती दीर्घकाळ टिकते. उत्तर आशादायक आहे, आणि ते कोठे, केव्हा आणि किती काळ हे सांगते.

२०२० च्या टाळेबंदीतही असेच दिसले. युरोपातील मोजण्यांनुसार वाहतूक एका आठवड्याच्या आत १५ ते २० टक्क्यांनी वाढली आणि मुख्य जाळ्याने ती पेलली. भारतात त्या मार्च महिन्यात चित्रफिती पुरवणाऱ्या कंपन्यांनी मोबाइलवरील चित्राचा दर्जा तात्पुरता उतरवला. पण मुख्य जाळे टिकले, म्हणजे प्रत्येक मुलाचा तास नीट झाला, असे त्यातून निघत नाही. घराशेजारचा शेवटचा टप्पा आणि घरातली फुगलेली रांग हा स्वतंत्र प्रश्न आहे.

आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००६ साली ब्रॉडबँडसाठी निकष ठरवले, तेव्हा गळती १ टक्क्याच्या आत आणि देशांतर्गत विलंब १२० मिलिसेकंदांच्या आत, अशी जोडी ठेवली होती. ही जोडी ठेवणे शहाणपणाचे होते. फक्त विलंब जोडणी रिकामी असताना मोजला की भरलेली असताना, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायला हवा. रिकाम्या एसटीत जागा मिळाली, यावरून गणपतीच्या आदल्या दिवशी ती मिळेल हे ठरत नाही. २०२१ पासून ॲपलच्या संगणकांत जोडणीवर पूर्ण भार टाकून मिनिटाला किती फेऱ्या होतात, ते मोजणारी सोय आली. मोजण्याची दिशा हीच असायला हवी.

शाळेत दोन संगणक आणि एक जोडणी असेल, तर हे स्वतः करून पाहता येईल. एका संगणकावरून एखाद्या परिचित ठिकाणाला शंभर वेळा पिंग करा. गळती आणि फेरीचा सरासरी वेळ लिहून ठेवा. मग दुसऱ्या संगणकावरून मोठी फाइल पाठवायला लावा आणि तीच मोजणी पुन्हा करा. हेच संध्याकाळी करा. चारही नोंदी एका तक्त्यात मांडा. गळती शून्यच राहिली आणि वेळ कैक पटींनी वाढला, तर फुगलेली रांग मुलांनी स्वतः पकडली असे समजा. वेळ वाढला नाही, तर आपल्या जोडणीत रांग आवरण्याची चांगली सोय असेल, किंवा फाइल पाठवण्याच्या वेगाने जोडणी भरलीच नसेल. यांपैकी काय खरे, ते कसे तपासायचे, हेही मुलांनाच ठरवू द्या.

उतरती रेषा दाखवणारा कोणताही आलेख समोर आला, तर आधी तीन गोष्टी विचाराव्यात. नेमके काय मोजले? कोठे आणि केव्हा मोजले? आणि जे या मोजणीत बसत नाही, त्याचे काय झाले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा आलेखाखाली छापलेली असतात. तिसऱ्याचे उत्तर शोधायला ताटात थांबलेल्या चिठ्ठ्या मोजाव्या लागतात.